निळ्या कानांची मुलगी

"निळा फ्रॉक! किती वेळा सांगू? पुढे ससा आहे, डोक्यावर निळे कान आहेत!" ससेराव टेबलावर हात आपटून ओरडला. टेबलापलीकडे हरवलेल्या मुलांची नावं पुकारणाऱ्या बाई बसल्या होत्या. त्यांनी माइक बाजूला सारला आणि काचेबाहेर बोट दाखवलं.

काचेबाहेर सभागृह होतं आणि सभागृहात चारपाचशे निळे फ्रॉक हुंदडत होते. सगळ्यांवर ससा, सगळ्यांना कान. आज निळ्या सशाच्या चाहत्यांचा मेळावा होता ना! कार्टूनमधला एक ससा तो, पण त्याच्यापायी माणसं सहकुटुंब नटून आली होती. आयांच्या अंगावर ससा, बापांच्या अंगावर ससा, कडेवरच्या तान्ह्याच्या लाळेऱ्यावरसुद्धा ससाच.

ससेराव हे काही त्याचं खरं नाव नव्हे. विमा कंपनीत तो दाव्यांचे कागद तपासायचा. टेबलावर सशाचा कप, गाडीच्या काचेवर ससा, दंडावर गोंदवलेला ससा. ऑफिसात कुणीतरी चेष्टेनं ससेराव म्हणालं आणि या गृहस्थाला ते इतकं गोड लागलं की घराच्या दारावर त्यानं तीच पाटी ठोकली. सशाला कुणी नावं ठेवली की हा अंगावर धावून जायचा. सख्ख्या मेव्हण्याशी तीन वर्षं बोलणं बंद, का, तर तो म्हणाला होता, "भावजी, पुरे आता."

लेक सहा वर्षांची. तिला काय आवडतं हे विचारायची तसदी कुणी घेतली नव्हती. ती ससेरावांची मुलगी, म्हणजे तिला ससाच आवडणार. आज बापलेकीच्या जोडीचा फोटो निघायचा होता. वाटेत सशाच्या जुन्या खेळण्यांचं कपाट लागलं. हा काचेला नाक लावून उभा राहिला आणि हातातला हात कधी सुटला ते त्याला कळलंही नाही.

"चेहरा सांगा," बाई म्हणाल्या. "कुठे तीळ, व्रण? पुढचे दात पडलेत का?"

"फ्रॉक सांगितला ना! आणि तो साधा नाही, खास आवृत्तीतला आहे. कानांना आतून चंदेरी अस्तर आहे."

"मी मुलीचं विचारतेय."

ससेराव आठवू लागला. दात... एक पडला होता बहुतेक. वरचा का खालचा? त्याला घाम फुटला. मुलगी खरंच गेली तर? कुणी उचलून नेली तर? मग तो आधीपेक्षाही मोठ्यानं ओरडू लागला. "माझी मुलगी हरवलीय आणि तुम्ही माझीच उलटतपासणी घेताय?"

बाईंनी दातओठ खाल्ले आणि माइकवर सांगितलं, "निळा फ्रॉक घातलेली, निळ्या कानांची मुलगी हरवली आहे." बाहेर हशा पिकला. बाईंच्या कानशिलाची शीर ताडताड उडायला लागली. तरी रखवालदार बिचारे एकेकट्या दिसतील त्या मुली आणू लागले. एक आणली, दोन आणल्या, पाच आणल्या. ससेराव काय करायचा? आधी मुलीचे कान उलटून अस्तर बघायचा. "छे, ही नाही." पाचवी तर भोकाड पसरून रडायला लागली, पण याचं लक्ष अस्तरात.

शेवटी तो कॅमेऱ्यांच्या पडद्यापाशी जाऊन बसला. पडद्यावर निळे ठिपके इकडून तिकडे पळत होते. त्यात चंदेरी काही चमकतंय का, ते तो डोळे फाडून शोधू लागला.

मागे दार उघडलं. सफाईवाल्या मावशी एका मुलीला घेऊन आत आल्या. मुलीच्या अंगात मावशींचा करडा सदरा, पार घोट्यापर्यंत. केस ओले.

"ही तुमची का हो दादा? नळापाशी—"

त्यानं अर्धवट मान वळवली. करडा रंग दिसला. "निळी म्हटलं ना! ही नाही!" तो खेकसला आणि परत पडद्याकडे वळला.

बाई ताडकन उठल्या. त्यांनी पडद्याचं बटणच बंद केलं. "लाज वाटू द्या थोडी! आता तरी तोंड बघा तिचं!"

ससेराव वळला. वरचा दात पडला होता. त्याची लेकच ती. तोंडून पहिलं काय निघावं?

"अगं... फ्रॉक कुठे गेला?"

मावशींचा आवाज चढला. "सरबत सांडलं होतं त्याच्यावर! डाग राहिला तर बाबा फोटोत घेणार नाहीत म्हणून एकटी घासत बसली होती पोर. गारठली होती. मी काढला तो फ्रॉक, कानांसकट."

त्यानं दोन्ही हात पसरले. मुलगी जागची हलली नाही.

"थांबा," बाई मध्ये आल्या. "मुलानं ओळखल्याशिवाय आम्ही मूल कुणाच्या ताब्यात देत नाही. नियम आहे."

"अहो, बाप आहे मी तिचा!"

"ते तिला सांगू दे." बाई खाली वाकल्या. "बाळा, हे कोण? तुझे बाबा ना?"

मुलीनं त्याच्याकडे नीट पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाण्याचा टिपूस नव्हता. तिनं मावशींचं बोट घट्ट धरलं.

"नाही," ती म्हणाली. "यांचा ससा हरवलाय."