दुसरा माग

"घरात माग किती?" रुपरावने तिसऱ्यांदा विचारलं.

"दोन," सखूबाई म्हणाली. "अन् दोन्ही चालून राहिले. ऐकू येत नाई काय साहेब?"

ऐकू येत होतं. आतल्या खोलीतून खटखट, खटखट असा आवाज एकसारखा येत होता. पुढच्या खोलीतल्या मागावर लाल काठाचं लुगडं अर्धं विणून झालेलं होतं. त्याच्या बाजूला सतरंजीवर उमरेडचे मधुकरराव बसले होते. मुलाचे वडील. नानाजी आणि सखूबाईची मुलगी पंचफुला आपल्या मुलासाठी बघायला ते सकाळच्या मोटारीने आले होते. मुलगी पाहून झाली होती, पोहे खाऊन झाले होते, आता घर पाहणं चाललं होतं. आणि रुपराव नेमका याच घडीला सरकारी पाहणीचा कागद घेऊन दारात उपटला होता.

कागदावर दोन रकाने होते. एक कोष्ट्यांचा, एक कुणब्यांचा. कोणाचं बरं चाललंय, कोणाचे हाल आहेत, कोण किती वेळा जेवतं, कोणाची मुलं शाळेत जातात, हे सगळं घरोघर फिरून त्यात भरायचं होतं. स्वराज्य येऊन सात वर्षं झाली, तेव्हा कोणी तरी विचारायलाच हवं होतं. ते रुपरावच्या नशिबी आलं. आठवडाभर हिंगण्याकडच्या खेड्यांत कुणब्यांचा रकाना भरताना त्याचं डोकं उठलं होतं. पुन्हा धान्याची लेव्ही बसणार, सरकार घरातलं धान्य सक्तीने उचलणार, अशी आवई उठली होती आणि ज्याला त्याला एकाएकी दारिद्र्य आलं होतं. त्याच्या सख्ख्या मामाने, मारोतरावांनी, ज्वारीने गच्च भरलेल्या कोठीला पाठ टेकून सांगितलं होतं, "लिही गा भाच्या, एकच टाइम जेवतो म्हनून." भाच्याने मुकाट लिहिलं होतं.

आणि आता हा कोष्टीपुरा! इथे म्हणे सगळे सुखात.

"दोन टाइम जेवता?"

"तीन टाइम."

"भात?"

"रोज," सखूबाई म्हणाली. नानाजी सतरंजीचा एक दोरा उपटत बसला होता. त्याने मान वर केली नाही.

रुपरावच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सूत मिळत नाही म्हणून या गल्लीतले निम्मे माग थंड पडलेत, हे त्याला कोपऱ्यावरच्या पानवाल्याने न विचारता सांगितलं होतं. तो म्हणाला, "बाई, नीट ऐका. ज्याच्या घरचा माग बंद हाये, त्याले विणकर सोसायटीचं सूत पयले भेटणार हाये. ते या कागदावरूनच ठरन. आज मी दोन चालू लिहिले, तर तुमचं नाव यादीत येत नाई. समजून राहिले ना?"

सखूबाईला चांगलं समजलं होतं. मग ती पाहुण्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आमाले काहून पाह्यजे सोसायटीचं सूत? ज्याले गरज हाये त्याले द्या नं."

"मग मले माग डोळ्यानं पाहावा लागन," रुपराव म्हणाला, आणि नानाजी उठायच्या आत त्याने आतल्या खोलीचा पडदा बाजूला केला.

पंचफुला मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसली होती. अंगावर उसनं लुगडं, त्याच्या घड्या अजून मोडल्या नव्हत्या. तिचे पाय खाली-वर होत होते, एका हाताने ती दोरी ओढत होती, आणि धोटा इकडून तिकडे नुसताच धावत होता. मागावर सुताचा एक धागा नव्हता. घामाने तिचं कुंकू नाकापर्यंत ओघळलं होतं. रुपरावला पाहून तिने पाय थांबवले नाहीत. फक्त मान हलवली, नाही म्हणून.

त्याने पडदा सोडला.

"पाह्यला?" सखूबाईने विचारलं.

"पाह्यला," तो म्हणाला आणि त्याने दोन लिहिले. इतक्या जोराने लिहिले की पेन्सिलीचं टोक मोडलं. त्याला या बाईचा राग आला, मामाचा राग आला, आणि लोक कागदाला खरं सांगतील असं ज्याला वाटलं त्या कचेरीतल्या शहाण्याचा तर सगळ्यात जास्त आला. निरोप न घेताच तो बाहेर पडला.

गल्लीच्या तोंडाशी मागून हाक आली. मधुकरराव तंबाखू थुंकायचं निमित्त करून त्याच्या पाठोपाठ आले होते.

"साहेब, एकच चालू लिहा."

"काय?"

"माग. मी बी कोष्टीच हाओ. अर्धा तास झाला, एक बार धागा तुटला नाई, का धोट्यातली सुताची कांडी बदलाले पोरगी थांबली नाई. असा माग मी तरी उभ्या जन्मात ऐकला नाई."

रुपराव चपापला. आपल्या या तपासणीने पोरीचं लग्न मोडलं, असं त्याला वाटलं. "मग सोयरीक?"

"सोयरीक पक्की. पोरीच्या पायात दम हाये. पन त्यायचं सूत बुडू नाई, म्हनून सांगतो."

रुपरावला एकदम हलकं वाटलं. त्याने तिथेच भिंतीला कागद टेकवून मोडक्या पेन्सिलीनेच दोन खोडले, एक लिहिलं. "आठ दिवसांत खरं बोलणारे तुमी पयले भेटले," तो म्हणाला. "सोमवारी उमरेडलेच येऊन राहिलो. तुमच्या घरापासूनच सुरू करतो."

मधुकररावांनी एकदा मागे वळून नानाजीच्या दाराकडे पाहिलं. मग ते जवळ सरकले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "सोमवारी नका येऊ साहेब. सोमवारी हे लोक आमचं घर पाहाले येऊन राहिले."