चार वाजताचा फोन

फोन वाजला तसं कुलूपवाल्याने आतून दार लावून घेतलं. बाहेर त्याच्या बायकोने शिलाई मशीन थांबवलं आणि कान दिला.

फोन गणिताच्या बाईंचा. रोज चारला यायचा. दोघांना रक्ताचा एकच आजार. एकाच महिन्यात, एकाच वॉर्डात दोघांच्या अंगात परक्या दात्यांच्या मूळपेशी सोडल्या होत्या. आता दोघं आपापल्या घरी सावरत होती.

बायको पाणी उकळायची, दाराच्या कड्या पुसायची, चादरी रोज बदलायची. कसं वाटतंय विचारलं की तो म्हणायचा, बरंय. तपासणीच्या फॉर्मवरही तिच्यादेखत सगळीकडे 'उत्तम'. झोप उत्तम, चव उत्तम, मन उत्तम. बाईंशी मात्र तासभर खिदळणं. ती आतल्या आत धुमसायची. टक्कल पडलेल्या आजारी बाईचा हेवा वाटतो, याची तिला लाजही वाटायची.

आज तो हसत नव्हता.

"काल जिन्यात मधेच बसलो. हिला म्हटलं, चपलेचा अंगठा तुटला. जेवण मातीसारखं लागतं, बाई. आजार उलटेल असं वाटतं."

मग तो रडला. तिच्या अंगाची लाही लाही झाली. हसणं परकीला दिलं, ते एक वेळ चाललं असतं. रडणंसुद्धा?

पुढच्या तपासणीला ती बाईंना चांगलं सुनवायचं ठरवूनच गेली. पण औषधं घेऊन येईपर्यंत दोघंही डॉक्टरांकडे आत गेली होती. बाकावर बाईंचा नवरा तेवढा होता. धिप्पाड बसड्रायव्हर, पण बोलताना चाचरत होता.

"वहिनी, आमची ही रात्री झोपते का हो? तुमच्या मिस्टरांना सांगत असेल. मला नुसतं छान म्हणते."

ती बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली. ह्यालाही तेच सलत होतं. तिने नकारार्थी मान हलवली. तिला कोण काय सांगणार? मग त्याने विचारलं, "आणि तुम्ही झोपता का?"

ती सवयीने हो म्हणणार होती. पण बांध फुटला. चार महिने डोळ्याला डोळा नाही. ह्यांनी कूस बदलली की ती श्वास ऐकत बसते. परवा सुई बोटात घुसली, तरी रक्त दिसेपर्यंत कळलं नाही. एका दमात तिने सगळं सांगून टाकलं.

आतून नवऱ्याच्या खोकल्याचा आवाज आला. तिने घाईघाईने डोळे पुसले.

"भाऊ," ती कुजबुजली, "ह्यांना यातलं काही कळू देऊ नका."