पाच माद्या, एक नर

"बाबा, इथला डबा कुठेय?" फ्रीजरमध्ये अर्धा हात घालून आभाने विचारलं.

"आइस्क्रीमचा? घासून पालथा घातला," दीनानाथ गॅसपाशी उभ्यानेच म्हणाले. "मुठे ताजे होते ग. कुठून आणलेस?"

आभाने फ्रीजरचं दार हळूच लावलं. डब्यात सहा मुठे होते. पाच माद्या, एक नर. कर्नाळ्याच्या डोंगरातल्या ओढ्यातला हा खेकडा विज्ञानाला अजून ठाऊक नव्हता. जात नवी आहे हे सिद्ध करायला नरच लागतो. त्याच्या पोटावरच्या झडपेखाली काड्यांसारखे बारीक अवयव असतात, खरी ओळख तिथे पटते. तीन पावसाळे आभाला नुसत्या माद्याच सापडल्या. परवा वाडीतल्या भागीने बिळात कोपरापर्यंत हात घालून हा एक नर काढून दिला होता. "एकच हाय बाई. जपून ने," असंही बजावलं होतं. उद्या सोमवारी तो प्रयोगशाळेत जायचा होता.

आता तो पातेल्यात रटरटत होता.

आभा ओरडणारच होती. पण तेवढ्यात दीनानाथांनी मागे वळून पाहिलं. आई, रमा, गेल्यापासून चार महिने या माणसाने आभाने करून दिलेल्या चहावर आणि बिस्किटांवर काढले होते. बाहेरून डबा लावला, तर तो तसाच परत जायचा. आणि आज, उभ्या जन्मात चहासुद्धा न केलेले बाबा, ओट्यावर रमाची स्वयंपाकाची वही उघडून उभे होते. चष्म्यावर वाफ, सदऱ्याला वाटण, चेहरा मात्र परीक्षेत पहिला आल्यासारखा.

"सगळं वहीबरहुकूम," ते म्हणाले. "पाठ उचकटावी, पोटावरची झडप तोडावी, उरलेलं स्वच्छ धुवावं. तसंच केलं. बस तू, वाढतो."

आजवर कुणाच्या ताटात काय पडतं हे बघायचं काम रमाचं होतं. आज दीनानाथांनी कौतुकाने सगळ्यात मोठा नांगा लेकीला वाढला. नराचाच होता. तिने लगेच ओळखला.

आभाने घास घेतला. गिळायला जरा वेळ लागला.

"कसं झालंय?"

"आईसारखं."

दीनानाथांनी दुसऱ्यांदा भात घेतला. मग तिसऱ्यांदा. पोटभर जेवणाऱ्या बाबांकडे ती बघत राहिली. इतका आनंद आणि इतकं दुःख तिला एकाच पाटावर कधी झालं नव्हतं.

"टरफलं टाकलीत का?" तिने शेवटी विचारलं.

"छे! रमा टाकू देईल? कढीपत्त्याच्या कुंडीत पुरली. तेही वहीत आहे."

आभा खरकट्या हाताने बाल्कनीत धावली. कुंडीतली माती उकरली. सहा पाठी निघाल्या, सहा झडपा निघाल्या. पाच रुंद, एक निमुळती. निमुळत्या झडपेखाली काड्या शाबूत होत्या. तिथेच फरशीवर बसून ती हमसून हमसून रडली. दीनानाथ मागून आले. पोरीला आईची आठवण झाली असं त्यांना वाटलं. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तेही रडले.

पुढच्या पावसाळ्यात शोधनिबंध छापून आला. दीनानाथांनी तो झेरॉक्सवाल्याकडून कागदावर काढून आणला आणि शब्दन् शब्द वाचला.

"नर अपूर्ण, पाठ आणि झडप तेवढी उपलब्ध, असं लिहिलंयस. उरलेला कुठे गेला?"

"मिळाला नाही, बाबा."

"असू दे. आज पेढे नाहीत, आज कालवण. पनवेलच्या बाजारातून मुठे आणलेत." आता रोजचा स्वयंपाक तेच करत होते, पण मुठ्यांचं पान त्या दिवसानंतर उघडलं नव्हतं. रमाच्या वेळच्या मसाल्याने ते पुढच्या पानाला चिकटून बसलं होतं. या वेळी त्यांनी ते जपून सोडवलं. कृती पहिल्या बाजूला संपलीच नव्हती. पलीकडे रमाच्या बारीक अक्षरात दोन ओळी होत्या.

मग दीनानाथ वही घेऊन बाहेर आले.

"आभा, उरलेला कुठे गेला ते कळलं मला," ते म्हणाले. त्यांनी वही तिच्यापुढे धरली.

'आभासाठी वेगळं वरण लावावं. खेकड्यांचा अभ्यास सुरू केल्यापासून पोरगी खेकडा तोंडाला लावत नाही.'