बोटाएवढी वायर

सासरे ऑक्सिजनच्या मशीनला जखडलेले. दोन वर्षांत गल्लीबाहेर पडले नव्हते. मशीन गाडीत जोडलं, की कोपऱ्यापर्यंत जाईतो वीज कमी पडून ते बोंबलायला लागायचं. दोनदा गाडीची बॅटरी बदलली. शेवटी सुनेनं बॉनेट उघडलं आणि इंजिनावर वीज तयार करणाऱ्या अल्टरनेटरपासून बॅटरीकडे जाणाऱ्या चार्जिंग वायरला हात लावला, तर चटकाच बसला. "वायर बारीक आहे, बाबा. तिला भार पेलत नाही." "तुझ्या सासूचीही माझ्याबद्दल हीच तक्रार असायची," ते घराच्या खिडकीतून म्हणाले. तिनं बॅटरी सोडवून बोटाएवढी जाड वायर टाकली, टोकं आवळली आणि त्यांना पुढच्या सीटवर बसवलं. इंजिन, दिवे, एसी, मग मशीन सुरू केलं. दहा मिनिटं दोघं कान टवकारून बसली. मशीन आपलं घुरघुरत राहिलं. "बोला, कुठं जायचं?" आरशात बघत त्यांनी दाढी खाजवली. "आधी न्हाव्याकडे घे. या अवतारात मित्रांकडे कसा जाऊ?"