उत्पलाची पिशवी

"अजून दोन बोटं आवळ," कुसाबाई म्हणाल्या.

भिमाजीने आईच्या पाठीवरचा पट्टा ओढला. बकल बसलं. तीन महिन्यांची उत्पला खाकी पिशवीत आजीच्या छातीला चिकटली. पाय बाहेर लोंबकळले आणि सकाळपासून चाललेलं रडणं मधेच थांबलं.

"थांबली!" लता म्हणाली. बाळ स्वतःचं असूनही तिचा विश्वास बसेना.

पिशवीची कल्पना भिमाजीची. तो ओझरला विमानाच्या कारखान्यात फिटर होता. तिथल्या कॉलनीत कुणा परदेशी इंजिनिअरची बायको बाळाला असंच छातीशी अडकवून भाजी घ्यायला आली होती. भिमाजीने सिगारेटच्या पाकिटावर आकृती काढली आणि द्वारका चौकात ट्रकच्या सीटा शिवणाऱ्या रावजीकडे नेऊन दिली.

"लोड किती?" रावजीने विचारलं होतं.

"साडेपाच किलो."

"मग जीनचं कापड बास. शिलाई मात्र दुहेरी मारतो. पोरगी वाढणार ना."

खाली ठेवलं की उत्पला रडायची. पाळण्यात रडायची, गोधडीवर रडायची. कुणाचे तरी हात दिवसभर तिच्यातच अडकलेले. आणि मार्चमध्ये गणिताचा पेपर होता.

भिमाजीचं लग्न झालं त्या वर्षी त्याच्या वडिलांनी, गोरक्ष साळव्यांनी, सतरा नंबरचा फॉर्म आणला होता. शाळेत न जाता घरी अभ्यास करून मॅट्रिकला बसायचा. "या घरातली बाई मॅट्रिक झाली पाहिजे," एवढंच ते म्हणायचे. पुढच्या वर्षी ते गेले. बाकीचे विषय सुटले, गणित राहिलं. पहिल्या खेपेला आठ मार्कांनी. दुसऱ्या खेपेला, गेल्या ऑक्टोबरात, ऐन पेपरच्या दिवशी लताला कळा सुरू झाल्या आणि पेपर तासाभरातच अर्धवट सुटला. उत्पला त्या संध्याकाळी जन्मली.

आता ही तिसरी खेप. यंदाही राहिलं तर पुस्तकं बांधून माळ्यावर टाकायची, असं घरात ठरलं होतं.

पिशवी आली आणि घराची घडी बसली. सकाळी भिमाजी कारखान्याच्या बसला गेला की कुसाबाई उत्पलाला छातीशी बांधायच्या. मग त्या नळावर जायच्या, मेथी निवडायच्या, ओट्यावर तांदूळ पाखडायच्या. लता भिंतीला टेकून पुस्तक घेऊन बसायची आणि मोठ्याने वाचायची.

"काटकोन त्रिकोणात कर्णाचा वर्ग..."

"परत वाच."

"अहो आई, सात वेळा झालं."

"आठव्यांदा वाच. पोरगी झोपलीय तोवर."

एकदा पिठाच्या परातीत बोटाने त्रिकोण काढून त्यांनी विचारलं, "कर्ण म्हणजे हाच ना, हा लांबडा?" लता हसली. "तोच. तुमच्यासारखा. सगळ्यात मोठा आणि कुणाचं न ऐकणारा."

कुसाबाईही हसल्या, तशी पिशवीतली उत्पला दचकून जागी झाली आणि तिनेही बोळकं उघडलं.

शेजारच्या सुलाबाई दारातून बघायच्या.

"काय गं बाई हे! पोर आहे का बाजाराची भाजी?"

"भाजी गप्प बसते," कुसाबाई म्हणाल्या. "हीसुद्धा बसते. बघ."

"आणि घरात तान्हं पोर असताना अभ्यास कसला सुचतो? सुनेला काय कलेक्टर करायचंय?"

"बघू, काय होतंय ते."

"लय लाडावून ठेवलीस हो तिला. तुझ्या सासूने तुला अशी वागवली असती का?"

"नाही," कुसाबाई शांतपणे म्हणाल्या. "म्हणून तर."

पेपरच्या आदल्या संध्याकाळी भिमाजीने पेन्सिलींना टोकं काढली. मग काळजीने म्हणाला, "तीन तासांचा पेपर आहे. उत्पला रडायला लागली तर?"

लताने मान खाली घातली. कुसाबाईंनी झोपलेल्या नातीच्या डोक्यावरून हात फिरवला.

"रडली तर रडली. या वेळी पेपर टाकून कुणी बाहेर यायचं नाही."

सकाळी तिघी सिटी बसने निघाल्या. उत्पला पिशवीतून सगळ्या बसला हसून दाखवत होती. कंडक्टरने तिला एक जुनं तिकीट बक्षीस दिलं आणि तिने ते लगेच तोंडात घातलं.

शाळेच्या फाटकावर वाल्मीक शिपाई उभा होता. भोवती दोन वेण्या घातलेल्या मुली, मिसरूड फुटलेली मुलं, पुस्तकात शेवटचं डोकं खुपसून.

"परीक्षेची मुलं आत, बाकीचे बाहेर!" तो ओरडला. मग कुसाबाईंकडे बघून आवाज उतरवून म्हणाला, "आजी, तुम्ही त्या लिंबाखाली बसा. बाळाला ऊन लागेल."

पहिली घंटा झाली.

कुसाबाईंनी बकल सोडलं. छातीपासून सुटताच उत्पलाने असा टाहो फोडला की पुस्तकातली सगळी डोकी वर आली. कुसाबाईंचे हात जागीच थांबले.

"द्या इकडे," लता म्हणाली. तिने पिशवी स्वतःला बांधली. बकल दोनदा निसटलं, तिसऱ्यांदा बसलं. उत्पला अजून रडतच होती. लताने तिला पदराखाली घेतलं. हुंदके एकेक करत विरले. मग नुसते चुटचुट आवाज येऊ लागले.

दुसरी घंटा झाली.

"अहो ताई," वाल्मीक काकुळतीला आला, "बाळ आजींकडे द्या आणि आत या पटकन. आता फाटक लावतोय. हॉल तिकीट कुठंय?"

एक घडी घातलेला कागद त्याच्या हातात आला. त्याने तो उलगडला आणि सवयीने नाव मोठ्याने वाचलं.

"साळवे कुसाबाई गोरक्ष."

त्याने वर पाहिलं.

"मीच," कुसाबाई म्हणाल्या. "बाक कुठला?"