वरचा हात

मुलाचा फोन आला. "बाबा, आता एकटे राहू नका. कायमचे इकडेच या. पण जबरदस्ती नाही हं!"

शब्दकोशाच्या कचेरीत माझी हयात गेली. शब्द कानावर पडला की राहवत नाही. म्हटलं, "अरे, मूळ फारसी शब्द तो. जबर म्हणजे वर, दस्त म्हणजे हात. ज्याचा हात वर, त्याचं चालतं. मी 'पुरे, पुरे' म्हणत ताटावर हात आडवा धरायचो आणि तुझी आई तो दाबून बाजूला करायची, वाढायचीच. आठवतं?"

तो हसला. "आईची गोष्टच वेगळी. आम्ही नाही बुवा कुणावर काही लादत. मग, येताय ना?"

"बघू. उगाच तुमची अडचण कशाला?"

"बरं. जशी तुमची मर्जी," म्हणून त्याने फोन ठेवला. पोरगा गुणी आहे. माझ्या शब्दाबाहेर कधीच जात नाही.



सकाळपासून दाराशी भरून ठेवलेली बॅग मी उघडली आणि एकेक सदरा परत कपाटात लावला.