पिशवीतली माती

कुदळीचा दांडा दुसऱ्यांदा बसला तेव्हा नाटेकर मास्तरांचा दात तुटून सड्याच्या उघड्या कातळपठारावर पडला.

"माझ्या सड्यावरची माती उकरून कोर्टात नेतोस काय?" चिरेखाणीचा मालक बाबल्या ओरडला.

मास्तरांनी पिशवी पोटाशी घट्ट धरली होती. बाबल्याने सड्यावरची सगळी डबकी दगड टाकून बुजवली होती. दर पावसाळ्यात त्यांत जन्मणाऱ्या नखाएवढ्या, दुर्मीळ कोळंबीची वाळकी अंडी आता याच मातीत उरली होती. ती कोळंबी अजून इथे आहे हे दिसलं, तरच कोर्ट खाण थांबवणार होतं.

बाबल्याने त्यांच्या बोटांवर टाच रगडली. हाड कडकन मोडलं, पिशवी सुटली. "ने आता!" म्हणत त्याने सगळी माती खाणीत साचलेल्या वळवाच्या पाण्यात भिरकावली.

रक्ताने भरलेल्या तोंडाने मास्तर हसू लागले. बाबल्याने पुन्हा उगारलेला दांडा वरच्या वर थांबला.

"पाणी लागलं की फुटतात रे ती अंडी," मास्तर म्हणाले. "मी घरी बशीत भिजवणार होतो. तुझ्या वकिलाने विचारलं असतं, बशीतली कोळंबी सड्यावरची कशावरून? आता कोर्टाचा माणूस तुझ्याच खाणीत वाकून बघेल."